खंडेनवमीचा पाना

जनरेटर मी उलटा बसवला होता. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. वरचं खाली असा उलटा नव्हे, मागचं पुढे. ज्या अंगाला दोरी गुंडाळून तो सुरू करायचा, ते अंग मी गाडीखालच्या पेटीच्या आतल्या भिंतीला टेकवलं. ज्या अंगाला चकचकीत काटा असलेली तबकडी होती, ते बाहेर ठेवलं, लोकांनी बघावं म्हणून. मग पेटीचं दार लावलं, कडी घातली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी जाऊन पोटभर जेवले.

परवा नातवानं मोबाइलवर परदेशातली एक गाडी दाखवली. आत पलंग, ओटा, बेसिन, आणि बाहेरून गाडीच्या पोटाला एक कप्पा. त्या कप्प्याचं दार उघडून एक बाप्या आत जनरेटर बसवत होता. नातू म्हणाला, "आजी, काय भारी आयडिया आहे बघ." मी म्हटलं, "बाळा, ही आयडिया तुझ्या आजीनं कासारवाडीत केलेली आहे, आणि करताना चुकवलेलीही आहे." त्याला ते खोटं वाटलं. म्हणून हे लिहायला बसले.

माझं माहेर पुण्याचं. वडील सरकारी कचेरीत कारकून. मी मॅट्रिकनंतर ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे मला वाटायचं की देशातले सगळे पूल आणि धरणं माझ्याच पेन्सिलीची वाट बघत थांबली आहेत. लग्नाच्या रुखवतात लाडू-चिवड्यांच्या शेजारी मी माझा ड्रॉइंग बोर्ड मांडला होता, आणि त्यावर टी-स्क्वेअर, रेघा मारायची लांब पट्टी. सासरकडच्या एका मावशींनी तो निरखून बघितला आणि विचारलं, "एवढा मोठा पोळपाट? आणि लाटणं असं का?" मी हसले नाही. तेव्हा मला हसू येत नसे; मी फार शहाणी होते.

सासर कासारवाडीचं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई, तशी तिकडची रीत. मामंजी मूळचे तिथलेच. त्यांची शेती कारखान्यांच्या जागेत गेली. पूर्वी गावातल्या बैलगाड्या तेच बांधायचे, तेव्हा शेत गेल्यावर त्यांनी पुणे-मुंबई रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली आणि मोटारगाड्यांच्या बॉड्या बांधायला सुरुवात केली. कंपनीतून नुसती चासी यायची: इंजिन, चाकं आणि उघड्यावर डोक्याला फडकं बांधून बसलेला ड्रायव्हर. आम्ही तिच्यावर ट्रकचा हौदा चढवायचो, नाहीतर बसचं अंग. आम्ही म्हणजे ते. मी घरात भाकऱ्या करायची. आमचे हे आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात, शिफ्टमध्ये. त्यांना घरचं तापलेलं वातावरण मानवत नसे; घरी वाद पेटला की ते ओव्हरटाइमला जायचे.

शेडमध्ये ड्रॉइंग नावाची वस्तू नव्हती. मामंजी वितीनं आणि हातानं मापायचे, खडूनं जमिनीवर रेघा मारायचे, आणि गाडी बरोबर व्हायची. पण गिऱ्हाईक बदलायला लागलं होतं. कारखान्यांतली माणसं यायची आणि विचारायची, "ड्रॉइंग कुठाय?" मामंजी जमिनीकडे बोट दाखवायचे. माणसं जायची, ती परत यायची नाहीत.

एके दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या. डोळ्यांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, स्वतः गाडी चालवणाऱ्या. त्यांना चालतं घर हवं होतं. चाकणच्या पलीकडच्या गावांत जायचं, तिथेच मुक्काम करायचा, डोळे तपासायचे. आत झोपायला फळी, स्वयंपाकाला लहान ओटा, तपासणीची खुर्ची आणि खुर्चीवर प्रखर दिवा. त्या गावांत वीज नव्हती, आणि जिथे होती तिथे ती मनाला येईल तेव्हा यायची. म्हणून जनरेटर. जनरेटर त्यांनी विकत आणलेला होता. तो गाडीच्या पोटात, फरशीखाली, बाहेरून उघडणाऱ्या पेटीत बसवायचा होता.

"पेटीच्या बरोबर वर माझी झोपायची फळी येणार," त्या म्हणाल्या. "धूर आत आला तर मी सकाळी उठणार नाही. तेव्हा मला आधी कागदावर दाखवा."

मामंजींनी जमिनीकडे बघितलं. मी तेव्हा चहा घेऊन उभी होते. कपबशीसकट मी म्हटलं, "मी दाखवते."

रात्री घरात काय झालं ते सगळं लिहीत नाही. शेवटी मामंजी म्हणाले, "बरं. ह्या एका गाडीला तू कागद कर, शेडात बस. गाडी नीट झाली, तर तुझी खुर्ची शेडात कायमची. न्हाई झाली, तर फुना शेडाचं नाव काडायचं न्हाई. भाकऱ्या करायच्या. हाय कबूल?"

"आहे," मी म्हटलं.

आत्याबाई म्हणाल्या, "ज्वारी कधीची दळायला द्यायचीय, त्याचं काय?"

तर मी शेडमध्ये गेले. मला खुर्ची मिळाली ती रॉकेलच्या डब्याची. बोर्ड टेकवला लाकडाच्या ओंडक्यावर. शेडमध्ये एक वेल्डर होता, लातूरकडचा, मला वहिनी म्हणायचा आणि बाकी जगाला राव. तो माझ्या बोर्डाकडे असा बघायचा, जसं काही मी शेडमध्ये पाळणा बांधलाय.

आता त्या पोरीची, म्हणजे माझी, जरा बाजू घेते. पेटी मी वाईट केली नव्हती. हवेचा विचार केला होता. दाराला आडव्या फटी ठेवल्या होत्या, वर पागोळीसारखी पट्टी, म्हणजे पाऊस आत जाऊ नये. धुराचा विचार केला होता. सायलेन्सरचा पाइप डाव्या भिंतीतून काढून थेट खाली जमिनीकडे नेला होता, आणि पेटीचं छत आतून दुहेरी पत्र्याचं करून सांधे बंद केले होते. हादऱ्याचा विचार केला होता. जुन्या टायरचे तुकडे कापून जनरेटरच्या पायांखाली घातले होते. माप इतकं काटेकोर घेतलं होतं की जनरेटर पेटीत गेला तो डब्यात भाकरी बसावी तसा. मामंजींनी कडेनं बोट फिरवून बघितलं आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी. मी आतून इतकी फुगले की पेटीत मावले नसते.

एकच गोष्ट विसरले होते. माणसाचा हात.

त्या काळच्या त्या जनरेटरला बटण नव्हतं. एका टोकाला इंजिन, त्याला लोखंडी पुली. पुलीला दोरी गुंडाळायची आणि अंगातल्या जोरानं मागे खेचायची. दुसऱ्या टोकाला तबकडी आणि प्लग लावायची भोकं. आता कुठलं टोक दाराकडे करायचं? मला हवी होती तबकडी. काटा थरथरताना सगळ्यांना दिसावा. त्यात आत्याबाई डबा द्यायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "ह्याचं तोंड कोणतं गं?" मी तबकडी दाखवली. त्या म्हणाल्या, "मग तोंड दाराकडं कर. खंडेनवमी आली. कुंकू काय पाठीला लावायचं?" मला ते एकदम पटलं. सासूचं एरवी काही पटत नसे, नेमकं हे पटलं.

वेल्डर म्हणाला, "वहिनी, आत बसवल्यावर एकदा चालू करून बघू का?"

"जमिनीवर चालवून बघितलाय की," मी म्हटलं. "आत रंग ओला आहे. धूर बसेल. आणि ड्रॉइंगमध्ये सगळं आहे."

ड्रॉइंगमध्ये सगळं आहे. आजही भाजी खारट झाली की हे म्हणतात, "काळजी नको, ड्रॉइंगमध्ये सगळं आहे."

खंडेनवमी उजाडली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, दसऱ्याचा आदला दिवस. हत्यारांचा दिवस. त्याच्या आदल्या दिवशी शेड झाडून काढायची, पाने, हातोडे, छिन्न्या, करवती, रंधे सगळे रॉकेलनं पुसायचे, आणि सकाळी पांढऱ्या धोतरावर ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांतलं काहीही उचलायचं नाही. वर्षभर ती आपल्यासाठी झिजतात, एक दिवस त्यांनी झोपायचं. कारखान्यांतही तेच, हे त्या दिवशी कंपनीच्या पूजेला गेले होते, मशीनला हार घालायला. मामंजी तर ह्या बाबतीत फार कडक. त्यांच्या आजोबांनी म्हणे एकदा खंडेनवमीला कुऱ्हाड उचलली होती, आणि बोट गमावलं होतं. हे मी लग्न झाल्यापासून इतकं ऐकलं होतं की ते बोट मला ओळखीचं वाटायचं.

मीही सकाळी न्हाऊन, काठाची साडी नेसून शेडमध्ये गेले आणि माझा टी-स्क्वेअर धोतरावर हातोड्याच्या शेजारी ठेवला. मामंजींनी तो उचलला आणि माझ्या हातात दिला.

"ही पट्टी हाय," ते म्हणाले. "हत्यार न्हवं. जी लाकूड कापत न्हाई, लोखंड वाकवत न्हाई, तिची पूजा कशाची?"

मी तो घेतला आणि बोर्डावर ठेवला.  पण तिथून पुढे सबंध पूजा मी दात आवळून उभी होते. आरतीत माझा आवाज लागला नाही. पूजा झाली, गाडीलाही हार झाला, जनरेटरच्या तबकडीला आत्याबाईंनी ठसठशीत कुंकू लावलं, आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्या दसऱ्यानंतर येणार होत्या. पण एका गावानं त्यांना दसऱ्याच्याच दिवशी बोलावलं होतं; सगळे घरी असतात, म्हाताऱ्यांना आणायला माणसं मिळतात. त्यांना गाडी त्याच दिवशी न्यायची होती.

"न्या की," मामंजी म्हणाले. "गाडी तयार हाय."

डॉक्टरीणबाईंनी फळीवर हात दाबून बघितला, ओटा बघितला, दिवा बघितला, आणि म्हणाल्या, "छान आहे. आता सुरू करून दाखवा."

शेजारच्या शेडमधली माणसं प्रसादाला आली होती, तीही गोळा झाली. वेल्डरनं दोरी घेतली, ऐटीत पेटीचं दार उघडलं आणि वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. मग त्यानं डावीकडून हात घातला. मग उजवीकडून. मग आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपडायला लागला, जसा गाईचं अडलेलं वासरू काढतोय. बाहेर आला तेव्हा बोटांची सालं निघाली होती.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "पुली पार आत भिंतीला हाय की राव. दोरी गुंडाळायची कुठून?"

मला कळलं. पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. उलट ती मला घट्ट धरून बसली, पळताही येईना. समोर तबकडी, तबकडीवर कुंकू, खाली झेंडूचा हार. नवरदेवासारखा बसला होता जनरेटर, आणि त्याला हलवायला कुणाचा हात पोचत नव्हता.

शेजारच्यांपैकी एकानं विचारलं, "ड्रॉइंग कुणी काढलं?"

"सुनेनं," मामंजी म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तरी बरं, पट्टीला कुंकू लावलं न्हाई."

सगळे हसले. आता मलाही हसू येतं. तेव्हा कानशिलं तापली होती. खरं म्हणजे मामंजींनी ती पेटी बोट फिरवून बघितली होती, वेल्डरनं बोल्ट आवळले होते, आणि चूक कुणालाच दिसली नव्हती. पण ती माझी होती, आणि मला ती कुणाला वाटून द्यायची नव्हती.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "किती वेळ लागेल नीट करायला?"

"आज न्हाई व्हायचं," मामंजी म्हणाले. "आज हत्याराला हात लावत न्हाई आमी. उद्या पूजा उतरली की करू."

"उद्या सकाळी माणसं बसलेली असतील तिथे. मी तशीच नेते मग. वाटेत चाकणला कुणी मिस्त्री मिळेल, त्याच्याकडून करून घेईन."

चाकणचा मिस्त्री. म्हणजे आमच्या शेडची गाडी पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या हातानं दुरुस्त व्हायची, आणि मी भाकऱ्यांवर. मी धोतराकडे बघितलं. पाने मापानुसार ओळीनं झोपले होते, प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू. मला कोणता लागणार ते मला माहीत होतं. बोल्टचं माप मीच काढलं होतं.

मामंजींच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "सूनबाई, उचललास तर उद्यापासनं शेडाचा उंबरा चढायचा न्हाई."

मी हिशेब केला. तो ड्राफ्ट्समनच्या कोर्समध्ये शिकवलेला नव्हता. गाडी अशीच गेली तर भाकऱ्या. पाना उचलला तर भाकऱ्या. मग निदान गाडी तरी धड जावो. आणि दुसरं, जे मी तेव्हा बोलले ते असं: "मामंजी, पट्टी हत्यार नाही ना? मग मी कारागीरही नाही. मग ही बंदी मला कशी लागू?"

आणि मी पाना उचलला.

शेडमध्ये कुणी श्वास घेतला नाही म्हणतात तसं नाही झालं. एका म्हाताऱ्याला ठसका लागला आणि त्याच्या हातातला प्रसाद सांडला. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, निदान नमस्कार तरी कर." तो मी केला. पदर कमरेला खोचला आणि पेटीपुढे जमिनीवर काठाच्या साडीनिशी बसले.

मामंजी बाहेर जाऊन बाजेवर बसले, शेडकडे पाठ करून. तंबाखू मळायला लागले. ती त्यांनी इतका वेळ मळली की तिचं पीठ झालं असेल.

पेटीच्या तळाखालून बोल्ट मी काढले. आता जनरेटर बाहेर काढायचा, तो एकटीला झेपणारा नव्हता. वेल्डर हात मागे बांधून उभा. "वहिनी, मी हत्याराला शिवणार न्हाई."

"जनरेटर हत्यार आहे का?"

त्यानं विचार केला. "न्हाई. तो गिऱ्हाइकाचा माल हाय."

"मग उचल."

एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं डॉक्टरीणबाई स्वतः, साडीचा पदर दातात धरून. जनरेटर बाहेर आला, फिरला, पुन्हा आत गेला. ह्या वेळी पुली दाराकडे आणि तबकडी आतल्या भिंतीकडे. आत्याबाईंनी वाकून बघितलं. "कुंकू लावलेलं तोंड भिंतीकडं गेलं की."

"लाजतोय," मी म्हटलं.

त्या तोंडाला पदर लावून वळल्या. बाजेवरच्या पाठीकडे बघून त्यांनी हसू आवरलं, पण खांदे हलत होते.

पायांची भोकं जुळली, कारण ती मी सारख्या अंतरावर काढली होती; तेवढं ड्रॉइंग चोख होतं. पण यंत्र फिरलं तसा सायलेन्सरही फिरला. तो आता उजवीकडे आला, आणि धुराचं भोक होतं डावीकडे. वेल्डर म्हणाला, "आजच्यापुरतं दार उघडं ठेवून चालवा म्हणावं."

"वर त्या झोपणार आहेत," मी म्हटलं. "धूर खालीच गेला पाहिजे."

म्हणजे छिन्नी आणि हातोडा. मी पुन्हा धोतरापाशी गेले. आता कुणी अडवलं नाही. एकदा बाटलेली ती कितीदा बाटणार? उजव्या भिंतीवर मी खडूनं गोल काढला आणि पत्रा फोडायला लागले.

त्या दिवसाचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. एरवी त्या रस्त्यावर ठोकाठोकीत स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी सगळ्या शेडा गप्प, कारखाने गप्प, भोंगा नाही, आणि कासारवाडीत एकटा माझा हातोडा वाजत होता. एकेक ठोका स्टेशनपर्यंत जात असणार. माणसं रस्त्यावरून वाकून बघून जात होती. मला लाज वाटायला हवी होती. मी आणखी जोरात मारलं.

आणि तेव्हाच छिन्नी निसटली, आणि पत्र्याची कड माझ्या डाव्या हाताच्या बोटात गेली.

फार नाही. पण रक्त आलं. मला मामंजींच्या आजोबांचं बोट आठवलं, आणि मी पहिल्यांदा खरी घाबरले. कापल्याला नव्हे, सगळे काय म्हणतील त्याला: "बघा, सांगितलं होतं." मी बोट पदराच्या टोकात घट्ट दाबून धरलं, रक्त थांबल्यावर पदर पुन्हा खोचला आणि उरलेलं भोक तसंच पुरं केलं. काठाची साडी लाल होती. देवाची कृपा म्हणा, नाहीतर माझ्या आईची निवड.

जुनं भोक पत्र्यानं बुजवलं, पाइप नव्या भोकातून खाली नेला, क्लॅम्प आवळला. तबकडीची वायर आतूनच वर गाडीत गेली, आणि ती आधीपेक्षा आखूड झाली. हे मी मुद्दाम सगळ्यांना दाखवलं. मग वेल्डरकडे दोरी दिली नाही. स्वतः पुलीला गुंडाळली, पाय रोवले आणि खेचली. जनरेटरनं खाकरल्यासारखं केलं. पुन्हा खेचली. तो पुन्हा खाकरला. मी त्याच्याशी जे बोलले ते पुण्याच्या मुलीनं बोलण्यासारखं नव्हतं. मग पुन्हा खेचली आणि तो धडधडत सुरू झाला.

वर खुर्चीवरचा दिवा लागला. भर दुपारीसुद्धा तो डोळ्यांत खुपला.

डॉक्टरीणबाई गाडीत चढल्या, खिडक्या लावून घेतल्या, दार ओढलं आणि फळीवर आडव्या झाल्या. आम्ही सगळे बाहेर उभे, आणि त्या आत निजलेल्या. बराच वेळ. शेजारच्या शेडमधल्या एकानं विचारलं, "बाई हायेत ना?" मीही मनातून तेच विचारत होते. मग दार उघडलं.

"वास नाही," त्या म्हणाल्या. "हलतंय थोडं. पण पाळण्यात घातल्यासारखं वाटतं, झोप लागेल." चप्पल घालता घालता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी दोरी, मग तबकडी."

भोसरीच्या रस्त्यानं त्या चाकणकडे गेल्या. गाडीच्या मागे झेंडूचा हार हलत होता. मी पाना, छिन्नी आणि हातोडा पुसून पुन्हा धोतरावर त्यांच्या जागी ठेवले. मामंजी बाजेवरून उठून घरी गेले.

संध्याकाळी हे पेढ्यांचा पुडा घेऊन आले. कंपनीच्या पूजेचे. घरातली शांतता बघून त्यांनी विचारलं, "गाडी गेली का?"

"गेली," आत्याबाई म्हणाल्या. "आणि तुझी बायको शेडातून गेली."

ह्यांनी पुडा खाली ठेवला आणि उद्या ओव्हरटाइम आहे का ते आठवायला लागले. उद्या दसरा होता; कसला ओव्हरटाइम. मी जेवायला वाढलं. मामंजींनी माझ्या हातची भाकरी घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही. डाव्या हाताचं बोट मी ताटाखाली लपवून वाढत होते. कुणाला काही कळलं नाही याचं मला फार समाधान होतं.

दसऱ्याला सकाळी मी लवकर उठले, रोजच्यासारखी वेणी घातली आणि शेडकडे निघाले. उंबरा चढायचा नाही असं सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या शेडला उंबराच नव्हता. पत्र्याचं दार आणि खाली सिमेंटची कड. पण मला मुद्दा कळला होता, आणि तो मला मान्य नव्हता. गाडी नीट झाली तर खुर्ची कायमची, असं ठरलं होतं. गाडी नीट झाली होती. तिला जरा फिरावं लागलं, एवढंच. पाना कधी उचलायचा ह्याबद्दल त्या करारात काही नव्हतं. हे सगळं मी रस्त्यानं स्वतःशी घोकत होते, आणि ते बोलून दाखवायचीही माझी तयारी होती. तेव्हा मी कुठल्याही क्षणी भाषण करू शकत असे.

मामंजी आधीच तिथे होते. धोतरापुढे मांडी घालून पूजा उतरवत होते. निर्माल्य एका टोपलीत, हत्यारं दुसऱ्या बाजूला. मी कड ओलांडून आत गेले आणि माझ्या रॉकेलच्या डब्यावर जाऊन बसले. भाषण घशाशी आलं होतं. मामंजींनी मान वर केली नाही. कालचा तो पाना त्यांच्या हातात होता. त्याचं कुंकू अर्धं पुसलं गेलं होतं. त्यांनी हळदीकुंकवाची वाटी पुढे ओढली, त्याला नव्यानं बोट लावलं, आणि तसंच पुढे बघत म्हणाले:

"आन ती पट्टी हिकडं. तिलाबी लावून टाकू, न्हाईतर फुडच्या गाडीत मलाच पेटीत कोंडशील. आन् उरलेली हळद त्या बोटाला लाव. मी काय बगितलं न्हाई."